जून ते चवथ (गणेश चतुर्थी): शाळेचे ओले दिवस कसे काढायचे

गोव्यात वर्षभरात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा जुलैचा. या दिवसांत मुलं बोलणी खातात ती अभ्यासापेक्षा भिजलेली वही, कुबट मोजे आणि हरवलेली छत्री यांवरूनच. बिचाऱ्यांचा त्यात फारसा दोष नसतो. घरात आदल्या रात्री दहा मिनिटं दिली तर यातलं बरंचसं टळतं.

सुरुवात दप्तरापासून. 'वॉटरप्रूफ' म्हणून घेतलेल्या दप्तराचं कापड पाणी अडवतं, पण चेन आणि शिवण अडवत नाहीत. वरून घालायचं कव्हर घेतलं तरी पाठीकडची बाजू उघडीच राहते. त्यात मुलं छत्री पुढे झुकवून चालतात, म्हणजे मागचं दप्तर उघडं पडतं आणि पाऊस नेमका त्यावर. आणि बालरथात (शाळेच्या बसमध्ये) किंवा कदंबच्या सरकारी बसमध्ये दप्तर पायांशी ठेवलं की खालची ओल बुडातून वर चढते. म्हणून पाणी बाहेर अडवण्याच्या फंदात न पडता आतच बंदोबस्त करा. पाच किलो तांदळाची जाड प्लास्टिकची पिशवी धुऊन वाळवा, दप्तरात उभी बसवा, वह्या-पुस्तकं तिच्यात घाला आणि तोंड दोनदा दुमडून खाली दाबा. गाठ मारू नका. सकाळी आईने मारलेली गाठ पहिल्याच तासाला ओढून सोडली जाते, पिशवी फाटते आणि दुपारी घरी परतताना वह्या उघड्या पडतात.

दप्तराचं वजनही बघा. २०२० च्या राष्ट्रीय शालेय दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. पाण्याची एक लिटरची बाटली भरली की त्यातला एक किलो तिथेच गेला. पावसाळ्यात अर्ध्या लिटरची द्या, शाळेत परत भरून घेता येते.

पेन बॉलपेनच द्या. त्याची शाई तेलकट असते, पाण्यात पसरत नाही. जेल पेनची आणि शाईपेनची शाई पाण्यावर बनलेली. छान अक्षरात लिहिलेला निबंध एका थेंबाने जांभळा ढग होतो आणि बाईंना वाचता येत नाही.

इतकं करूनही वही भिजलीच, तर ओली पानं ओढून सुटी करू नका, फाटतात. वही उभी करून पाणी निथळू द्या. मग दर दहा-पंधरा पानांनंतर वर्तमानपत्राच्या कागदाची घडी घाला आणि पंख्याखाली ठेवा. तासाभराने घड्या बदला. जवळजवळ वाळली की वर जड पाट ठेवून रात्रभर दाबा, नाहीतर वही पापडासारखी फुगते. गुळगुळीत, चकचकीत कागदाच्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. त्याची पानं तशीच वाळली तर एकमेकांना कायमची चिकटतात. म्हणून ती ओली असतानाच प्रत्येक दोन पानांमध्ये कागद घालावा लागतो. तेवढा वेळ त्या रात्री नसेल तर पुस्तक पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि रविवारी बाहेर काढा. गोठलेलं असेपर्यंत पानं चिकटत नाहीत, बुरशीही धरत नाही.

बुटांनाही वर्तमानपत्रच. आतलं सोल बाहेर काढा, नाड्या सैल करा, चुरगळलेले कागद टोकापर्यंत कोंबा. पहिले कागद अर्ध्या तासात चिंब होतात, ते बदला, झोपताना आणखी एकदा बदला. रंगीत गुळगुळीत पुरवणी इथे कुचकामी, ती पाणी शोषत नाही. बूट शेगडीपाशी किंवा चुलीच्या वर ठेवू नका. गोंद सुटतो आणि आठवड्याभरात तळवा जबडा उघडतो.

गणवेश वाळत नाही तो कमरपट्टा आणि खिसे यांच्यापाशी. पँट उलटी करून, खिसे बाहेर काढून, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून पंख्याखाली घाला. सकाळी फक्त त्या जाड भागांवर इस्त्री फिरवली तरी पुरते.

आता छत्री. वर्गाच्या दाराशी चाळीस काळ्या छत्र्या टांगलेल्या असतात आणि सगळ्या सख्ख्या बहिणी दिसतात. नाव आत कापडावर लिहून उपयोग नाही, कारण उघडेपर्यंत ते दिसत नाही. दांड्याला लाल नेलपॉलिशचे तीन पट्टे ओढा आणि मुठीला रंगीत नाडी बांधा, म्हणजे बंद असतानाही ओळखता येते. तीन घड्यांची छोटी छत्री गोड दिसते, पण वाऱ्यात पहिली काडी तिचीच मोडते. सरळ लांब दांड्याची घ्या. वारा समोरून आला तर छत्री त्याच्या अंगावर धरायची, मागून आला तर सरळ मिटायची. चोडण किंवा दिवाडी या बेटांच्या फेरीबोटीत छत्री उघडूच नका, रेनकोटच हवा, आणि तोही दप्तर आत घेईल एवढा मोठा.

डब्याचा प्रश्न गोव्यात सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याबरोबरच सुटतो. साध्या पावापेक्षा पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, बरी. ती आतून पोकळ असते, एका कडेला चीर दिली की भाजी आत बसते आणि सांडत नाही. आत कोरडी बटाट्याची भाजी भरा. पातळ भाजी किंवा उसळ वेगळ्या घट्ट डबीत द्या, नाहीतर मधल्या सुट्टीपर्यंत पोईचा लगदा होतो. भाजी गरम असताना झाकण लावलं तरी तेच, आतली वाफ पोईत जिरते. दहा मिनिटं डबा उघडा ठेवा, तेवढ्यात वेणी घालून होते.

चवथीच्या सुट्टीचा गृहपाठ सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीच निम्मा संपवा, कारण एकदा नेवऱ्या (करंज्या) तळायला घेतल्या की वहीला कोणी हात लावत नाही. विज्ञानाचा प्रकल्प दिला असेल तर माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेल्या चौकटीखाली, वही घेऊन बसा: आंबाडे, चिबूड, तवशें (काकडी), सुपारी, कांगलां (एक रानफळ). प्रत्येकाचं नाव, कुठला भाग टांगलाय, वेल की झाड, कुठून आणलं, एवढे चार रकाने आखा. नावं आजीला विचारा आणि बांधतानाच लिहून घ्या, विसर्जनानंतर फळं वाटली जातात.