त्रिकास्थी सहजासहजी सरकत नाही

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात त्रिकास्थी, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाचं हाड, दिलं की मी आधी त्याची मागची खडबडीत बाजू चाचपायला लावते. किशोरवयापासून 5 मणके जुळत जाऊन हे एकच त्रिकोणी हाड तयार होतं. दोन्ही कडांना कानाच्या आकाराचा पृष्ठभाग असतो, तिथे ते इलियमला, म्हणजे कमरेच्या त्या बाजूच्या रुंद हाडाला, भिडतं.

या सांध्याची रचना मला अजूनही थक्क करते. धडाचं वजन त्रिकास्थीचं वरचं टोक पुढे आणि खाली ढकलतं. त्यासरशी मागचे जाड अस्थिबंध ताणले जातात आणि दोन्ही इलियम तिला घट्ट आवळतात. वजन वाढेल तशी पकड पक्की! खालचं टोक मागे उचललं जाऊ नये म्हणून बैठकीच्या हाडापर्यंत वेगळे अस्थिबंध आहेतच.

हालचाल जेमतेम काही अंशांची. तरी बाळंतिणी घाबरून म्हणतात, "ताई, सांधा सरकलाय म्हणे." कुणीतरी त्यांच्या मनात हे भरवलेलं असतं, याचा मला राग येतो. गरोदरपणात अस्थिबंध सैलावतात, कूस बदलताना कळ येते, हे खरं. पण हाड निखळलेलं नसतं. मी त्यांना गुडघ्यांत उशी घेऊन झोपायला आणि सलवार बसून घालायला सांगते.