पोटात गोळा येतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

टँडम स्कायडायव्हिंग, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून घेऊन एकाच पॅराशूटनं दोघांनी विमानातून मारायची उडी, करून आले त्याला आता वर्ष होत आलं, तरी भेटणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: "उडी मारल्यावर पोटात गोळा येतो ना गं? आकाशपाळण्यात येतो तसा?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेकदा इच्छाही असते आणि भीतीही. म्हणून नुसतं "नाही" म्हणून विषय संपवायला जीव होत नाही.

गोळा मला आला, पण उडीच्या आधी.

विमान लहानसं होतं. १३,००० फुटांवर पोहोचायला वीसेक मिनिटं लागली. दर हजार फुटांमागे तापमान साधारण २ अंशांनी उतरतं, त्यामुळे खाली घामेजलेले हात वर गेल्यावर गार पडले होते. अर्ध्या वाटेत माझ्या इन्स्ट्रक्टरनी माझे पट्टे आवळले आणि माझा हार्नेस त्यांच्या हार्नेसला जोडला. चार हूक असतात, दोन खांद्यांपाशी आणि दोन कमरेपाशी. प्रत्येक हूक लागताना पाठीला बारीकसा धक्का बसायचा. चारही लागल्यावर त्यांनी ते बोटांनी चाचपत मला ऐकू येईल असे मोजले. एक, दोन, तीन, चार. थोड्या वेळानं पुन्हा मोजले. दार उघडायच्या आधी तिसऱ्यांदा. हजारो वेळा केलेलं काम माणूस इतकं मन लावून करतो, हे पाहून मला जो धीर आला तो कुठल्याही समजावण्यानं आला नसता.

मग दार उघडलं आणि वाऱ्याचा आवाज आत घुसला. एकेकटे उडी मारणारे आधी जातात. माझ्या पुढे बसलेली मुलगी मघाशी शांतपणे बुटाच्या नाड्या आत खोचत होती. ती उठली, दारात उभी राहिली आणि नाहीशी झाली. खाली जाताना दिसलीसुद्धा नाही. होती, आणि नव्हती. तेव्हा आला गोळा, चांगला छातीपर्यंत.

आमची पाळी आली. इन्स्ट्रक्टर दाराच्या कडेवर बसले, म्हणजे मी जवळजवळ बाहेरच लोंबकळत होते. पाय विमानाच्या पोटाखाली वळवायचे, कंबर पुढे, डोकं मागे त्यांच्या खांद्यावर टेकवायचं, हातांनी छातीवरचे पट्टे धरायचे. केळ्यासारखा बाक. हे जमिनीवर नीट करून घेतलेलं असतं आणि तेवढंच तुमच्याकडून हवं असतं. डोकं मागे टेकलेलं असल्यामुळे मला खालची जमीन दिसतच नव्हती, फक्त विमानाचा पंख आणि आभाळ.

आणि मग ज्याची इतकी धास्ती घेतली होती ते झालंच नाही. त्याचं कारण मला फार आवडतं, म्हणून सांगते. पाळणा वरून खाली यायला लागतो तेव्हा बैठकीचा आधार एकदम हलका होतो, आणि पोटातलं सगळं वर आल्यासारखं वाटतं. विमानातून उडी मारताना मात्र तुम्ही थांबलेले नसताच. विमानाबरोबर तुम्हीही ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास पुढे जात असता, त्यामुळे बाहेर पडताक्षणी तितक्याच वेगाचा वारा अंगाला टेकतो. पुढे जाण्याचा वेग हळूहळू सरतो, खाली जाण्याचा वाढत जातो, आणि वाऱ्याचा आधार मध्ये कुठेच तुटत नाही. काहींना पहिल्या एक-दोन सेकंदांत किंचित जाणवतं म्हणतात, मला तेही नाही. दहा-बारा सेकंदांनी वेग वाढायचा थांबतो. मग हवा तुमचं पूर्ण वजन तोलून धरते, आणि जाड गादीवर पालथं पडल्यासारखं वाटतं. फक्त ती गादी कानाशी गर्जत असते.

दोन माणसांचं वजन एकत्र असलं की वेग खरं तर याहून पुष्कळ वाढेल. म्हणून उडीनंतर लगेच इन्स्ट्रक्टर मागे एक छोटं पॅराशूट सोडतात, त्याला ड्रोग म्हणतात. त्यामुळे वेग एकट्या माणसाइतका, ताशी दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर राहतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बिल बूथ आणि टेड स्ट्राँग यांनी टँडमची साधनं बनवली. सुरुवातीला ड्रोग नव्हता आणि पॅराशूट उघडताना फार जोराचा हिसका बसायचा. माझ्या उडीत तो हिसका मला फक्त कुणीतरी खांद्यांना धरून उभं केल्यासारखा वाटला.

मोठं पॅराशूट उघडलं ते साधारण ५,००० फुटांवर, पन्नासेक सेकंदांनी. आणि एकदम शांतता. इतकी, की मागून इन्स्ट्रक्टरनी हळू आवाजात "बरं वाटतंय ना?" विचारलं ते स्वच्छ ऐकू आलं.

ज्यांना गाडी लागते त्यांनी खरी काळजी घ्यायची ती इथे. पॅराशूटखालच्या पाच-सात मिनिटांत इन्स्ट्रक्टर दोऱ्या ओढून वळणं घेतात. घट्ट गिरकीत वजन दुप्पट झाल्यासारखं वाटतं आणि मळमळू शकतं. नको असेल तर स्पष्ट सांगा, ते सरळ आणतात. मी एक गिरकी घेतली आणि पुरे म्हटलं. उपाशीपोटीही जाऊ नका, हलकं काहीतरी खाऊन जा.

उतरताना दोन्ही पाय समोर उचलून धरले आणि आम्ही गवतावर बसल्या बसल्या घसरत थांबलो. मागे चार हूक सुटल्याचे चार आवाज आले. उभी राहून पाहिलं तर थोड्या अंतरावर ती मघाची मुलगी आपलं पॅराशूट कवेत गोळा करत होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि हात हलवला.