चोडणच्या कांदळवनात सुकतीची वाट पाहताना

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की काही मिनिटांतच मांडवी ओलांडून चोडण बेटावर उतरता येते आणि धक्क्यालगतच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याची वाट लागते. बेटाच्या पश्चिम टोकावरचे हे अभयारण्य १९८८ साली घोषित झाले. क्षेत्रफळ जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या गावच्या शिवाराहूनही लहान.

डिसेंबरातल्या ज्या सकाळी मी गेलो त्या सकाळी नेमकी भरती होती. पणजीत राहून भरती-ओहोटीची वेळ न पाहता निघालो, हा दोष माझाच. कांदळातून जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही अंगांना पाणी चढले होते, झाडांची मुळे बुडाली होती आणि नजरेला पडत होती ती नुसती पाने, अधूनमधून एखादा खंड्या. धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका वृद्ध काकांजवळ मी कुरकुर केली, तर ते शांतपणे म्हणाले, "सुकती जांव दी रे बाबा, मागीर पळय." ओहोटीला इकडे सुकती म्हणतात; ती होऊ दे, मग बघ, असे त्यांचे म्हणणे.

तीनेक तासांनी त्याच वाटेवर परतलो तेव्हा जागा ओळखू येईना. पाणी उतरले होते आणि चिखलातून तिवराची श्वसनमुळे बोटभर उंचीच्या खुंट्यांसारखी, शेकड्यांनी वर आली होती. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून हे झाड मुळांचे शेंडे जमिनीबाहेर काढून त्यांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून श्वास घेते. अंगात शिरलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते, ते जिभेला लागते (मी चाखून पाहिले, पान न तोडता). खुंट्यांमधून निवट्या उड्या मारत होत्या. मासा असूनही त्या कातडी ओली आहे तोवर पाण्याबाहेर श्वास घेऊ शकतात. बिळांच्या तोंडाशी लहान खेकड्यांचे नर आपली एकच अवाढव्य नांगी हलवत माद्यांना बोलावत होते आणि त्यांच्यावर टपलेले बगळे पाय न वाजवता पुढे सरकत होते. खेकड्यांनी पोखरलेल्या बिळांतूनच त्या घट्ट चिखलात थोडी हवा जाते, हे ठाऊक असल्याने बगळ्याचा प्रत्येक घास मला जरा महागच वाटला.

हे सारे पाण्याच्या हातभर चढउतारावर चालते. श्वसनमुळे फार काळ बुडून राहिली किंवा त्यांच्यावर तेलाचा थर बसला तर झाड गुदमरते. एका ठिकाणी खुंट्यांच्या जाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या अशा गुंतल्या होत्या की खालचा चिखल दिसेना.

गोव्यातल्या खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट जमिनीतल्या शेतीचा, हिशेबही असाच पाण्याच्या पातळीवर मांडलेला आहे. मातीचे बांध खारे पाणी अडवतात आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. आत खारेपणा सोसणारे कोरगूट भात पिकते. बांधाबाहेरचे कांदळ लाटांचा मार अंगावर घेते. बांध फुटून शेत पडीक पडले की मात्र तेच कांदळ आत शिरते, आणि मग वन वाढले म्हणून आनंद मानावा की शेत गेले म्हणून हळहळावे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

परतीच्या फेरीबोटीपूर्वी काका पुन्हा भेटले. डब्यात शेवटे जातीचे दोन मासे होते. पाणी पुन्हा चढू लागले होते.