समृद्धीवर गार, बंदराबाहेर कोमट : माझ्या ट्रकच्या एसीची गोष्ट

यवतमाळकडच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरायच्या आणि न्हावा शेव्याला पोचवायच्या, हा माझ्या गाडीचा नेहमीचा धंदा. एसीची खोड अशी, की समृद्धीवर ऐंशीच्या वेगात केबिन मस्त गार. बंदराबाहेरच्या रांगेत उभं राहिलं की जाळीतून कोमट वारा.

'कूलिंग कमी आहे' म्हटलं की बहुतेक गॅरेजवाल्यांचं उत्तर ठरलेलं, गॅस टाकू. एकाने तर दाब मोजायचे गेज न लावताच टाकला. रांगेत हवा आणखीच गरम यायला लागली, तेव्हा नीट एसीचंच काम करणारा मिस्त्री गाठला.

त्याने गॅसच्या बाटलीला हात लावला नाही. आधी विचारलं, "दादा, गार कधी लागतं, कधी नाही?" मग उभ्या गाडीवर इंजिन चालू ठेवून गेज लावले. एसीतल्या एकशे चौतीस-ए गॅसला आपल्या उन्हाळ्यात निळा काटा (कमी दाबाच्या बाजूचा) साधारण ३० ते ४५ पीएसआयमध्ये आणि लाल (जास्त दाबाच्या बाजूचा) २०० ते २५०च्या आसपास असला की ठीक, असं त्याचं गणित. माझा निळा ६०वर, लाल ३५०च्या घरात. दोन्ही काटे खाली असते तर गॅस कमी. निळा वर आणि लाल खाली असता तर गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरवर संशय. दोन्ही वर म्हणजे कंडेन्सरमधून (गाडीच्या पुढच्या बाजूचा, गॅस थंड करणारा भाग) उष्णता बाहेर पडत नाही, किंवा गॅस जास्त झालाय.

त्याने बादलीभर पाणी कंडेन्सरवर सोडलं. लाल काटा बघता बघता २५०च्या खाली आला आणि केबिनमध्ये गारवा जाणवू लागला. कंप्रेसर शाबूत होता. रेडिएटरचा पंखाही त्याने तपासला, तो नीट ओढत होता.

मी म्हटलं, पुढची जाळी तर मी स्वतः धुतो, समोरून चकाचक आहे. तो हसला आणि कंडेन्सरचे बोल्ट काढून, गॅसचे पाइप न सोडता, तो पुढे झुकवला. मागे, कंडेन्सर आणि इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) यांच्या मधल्या फटीत कापसाचे तंतू आणि धूळ मिळून गोधडीसारखा थर बसला होता! जिनिंगच्या आवारात तासन् तास इंजिन चालू ठेवून उभं राहिल्याचा प्रसाद. धावत्या गाडीत समोरचा वारा जोराने आत घुसतो, म्हणून भागत होतं. उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर, आणि त्या थरातून तो ओढणार किती? थर हाताने सोडवून मागच्या बाजूने हलक्या धारेने धुतला. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा मारला तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि वाट कायमची बुजते.

मग मशीन लावून गॅस काढून घेतला. केबिनवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनापेक्षा तो खरंच जास्त निघाला. व्हॅक्यूम करून, म्हणजे आतली हवा ओढून काढून, तेवढाच वजनाने भरला. आता उभ्या गाडीतही लाल काटा जागेवर.

तरी केबिनच्या हवेच्या जाळीत धरलेला थर्मामीटर १५ अंशांवर अडला. मिस्त्रीला ९-१० हवे होते. त्याने हीटरच्या नळ्यांना हात लावून बघायला सांगितलं; त्यांतून इंजिनचं गरम पाणी जातं आणि ते अडवायला एक व्हॉल्व्ह असतो. बटण पूर्ण थंडवर असताना व्हॉल्व्हच्या पुढची नळी गार पाहिजे, माझी चटका देत होती. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता, म्हणजे एसी गार करतोय आणि शेजारी हीटर तीच हवा तापवतोय. हा दोष गेजवर कधीच दिसला नसता.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, तेव्हा अशा तक्रारी आता ढाब्याढाब्यावर ऐकू येतील.

नवा व्हॉल्व्ह हाताशी नव्हता, म्हणून तात्पुरत्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटर बाजूला काढला. पारा ९वर आला. थंडीच्या आत मात्र व्हॉल्व्ह बसवावा लागेल, कसाऱ्याच्या धुक्यात समोरची काच पुसायला हीटर लागतोच.