दाराच्या चौकटीतली खाच

लिस्बनहून पूर्वेला, स्पेनच्या हद्दीकडे निघालं की दोन-अडीच तासांत समुद्र मनातूनही जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुचाचे ओक. ज्यांची साल नुकतीच काढलीय त्यांचे बुंधे गेरूसारखे लाल, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा. तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा. पुन्हा कुऱ्हाड लागणार ती नऊ वर्षांनी. मग साँ मामेदचे डोंगर सुरू होतात आणि एका उतारावर कास्तेलु द व्हीद दिसतं. वस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास. वर किल्ला, खाली पांढरी घरं.

मी इथे आले ती गार्सिया द ओर्तासाठी. पणजीत चर्चजवळची जी बाग आहे ना, तिला ज्याचं नाव आहे तो हा वैद्य. त्याचा जन्म इथला, 1501 च्या सुमाराचा.

त्याचे आईवडील स्पेनचे ज्यू. 1492 मध्ये तिथल्या राजाराणीनं ज्यूंना हाकललं, तेव्हा हद्द ओलांडून कितीतरी कुटुंबं या डोंगरात आली. स्पेन इतकं जवळ की सामान पाठीवर घेऊन चालत यावं. पण पाचच वर्षांत, 1497 मध्ये, पोर्तुगालनंही त्यांचा सक्तीनं बाप्तिस्मा केला. ज्या हद्दीनं वाचवलं, तिच्या आतच अडकले.

किल्ल्याखालच्या ज्यूवाड्यात गल्ल्या इतक्या उभ्या आहेत की गुडघे बोलायला लागतात. दगडी चौकटी टोकदार कमानीच्या. त्यातल्या एकीत, उजव्या हाताला, बोटभर लांबीची खाच दिसली. धर्मवचनाची गुंडाळी ठेवायची ती जागा, असं इथे सांगतात. मी बोट घातलं. दगड आतून गुळगुळीत होता. किती जणांचा हात लागला असेल!

ओर्ता 1534 मध्ये गोव्याला आला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. आंबा, फणस, हिंग, मिरी, सगळ्याची चौकशी करून त्यानं लिहिलेला औषधींचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. स्थानिक वैद्यांना विचारून शिकणारा माणूस, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. 1568 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, गोव्यात त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. 1580 मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली.

1989 मध्ये राष्ट्राध्यक्ष मारियु सुआरिश यांनी याच गावात येऊन ज्यूंची माफी मागितली.

खालच्या चौकात सोळाव्या शतकातलं संगमरवरी कारंजं आहे, अजून वाहतं. तिथल्या एका आजींनी मला बोलेइमा दिला, सफरचंद-दालचिनीची चपटी वडी. खमीर न घालता करायची ही रीत ज्यू घरांतून आली म्हणतात. आजी मात्र एवढंच म्हणाल्या, "आमची आई असंच करायची."