सेडम कुजलं, तेरडा तरला

एप्रिलात आमच्या वरच्या खोलीत पंखा लावला की गरम हवाच अंगावर यायची. म्हणून साताऱ्यातल्या घराच्या गच्चीवर मातीचा पातळ थर देऊन झाडं लावायचं ठरवलं. गवंडीमामा म्हणाले, "झाडांचं नंतर बघा, आधी पाणी तुंबवा." दोन दिवस गच्ची भरून ठेवली, तर खाली कोपऱ्यात ओल. कोबा नव्याने करावा लागला.

मग वजन. ये-जा असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. १० सेंटिमीटर साधी माती भिजली की एकटीच त्याच्या वर जाते. इंजिनिअरला विचारून ७ सेंटिमीटरचाच थर दिला: कोकोपीट, विटांचा चुरा, भाताचं तूस, थोडी माती.

चूक झाली ती रोपांत. जर्मनीतल्या छपरांवर सेडम नावाचं जाड पानांचं बुटकं रोप असतं म्हणून तेच मागवलं. ते पानांत पाणी साठवतं, दुष्काळ सोसतं, सगळं खरं. पण तिकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा. आपल्याकडे चार महिन्यांत सगळा. जुलैत एक रोप उचललं, तर पानं हातात आली आणि बुडखा चिकट होऊन मातीतच राहिला. वास तर विचारू नका.

त्याच पावसाळ्यात कासच्या पठारावर गेलो. जांभ्या खडकावर वीतभरही माती नाही आणि तरी फुलं! उन्हाळ्यात तिथेच सगळं करपलेलं असतं. बी आणि कंद खाली झोपून राहतात. म्हणजे आमची गच्चीच की! तिथलं रोप उपटायचं नसतं, आणि गरजही नव्हती. तेरड्याचं बी आत्याच्या बांधावरून आणलं, रेन लिलीचे कंद शेजारच्या काकूंनी दिले. पानफुटी मधे, चिनी गुलाब उताराच्या वरच्या कडेला, पाणी थांबत नाही तिथे.

हीच रोपं मावसभावाने महाबळेश्वरात लावली, तर पानफुटी सडली; तिथे शेवाळ आणि नेचे आपसूक येतात. कोरड्या माण तालुक्यातल्या दहिवडीच्या मामीकडे उलट: तेरडा उगवून वाळला, कोरफड टिकली.

एप्रिलात आमची गच्ची तपकिरी होते, म्हणजे गारवा हवा तेव्हाच हिरवाई नाही. पण ऊन थेट स्लॅबवर पडत नाही, एवढा फरक जाणवतो. कावळ्यांच्या कृपेने उगवलेले पिंपळ मात्र दर रविवारी उपटावे लागतात. आणि अर्धी गच्ची आईने कुरडयांसाठी राखून ठेवली आहे.