एका डब्यातले दोन रंग

लाकडी जमिनीच्या पॉलिशच्या कामात सगळ्यात चिवट तक्रार असते ती झाकेची. ओरखडे, फळ्यांमधल्या फटी, चालताना होणारी करकर, या गोष्टी लोक चालवून घेतात. पण करडी जमीन मागितली आणि ती गुलाबी दिसायला लागली, की रोज नजर तिथेच जाते आणि रोज मन खट्टू होतं. मला ही तक्रार कधीच किरकोळ वाटली नाही. जमीन हा घरातला सगळ्यात मोठा रंग असतो.

हे काम आलं तेव्हा जमीन नुकतीच दुसऱ्या कुणीतरी करून दिलेली होती. ओकची जुनी जमीन, तिच्यावरचं गडद पॉलिश घासून काढलेलं, मग करडा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, आणि वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पारदर्शक पॉलिशचा, एक हात. दिवाणखाना स्पष्ट जांभळट दिसत होता आणि लगतची आतली खोली हिरवट, जवळजवळ शेवाळी. दारात उभं राहिलं की डावीकडे एक रंग, उजवीकडे दुसरा. मालकीणबाईंनी रिकामा डबा पुढे ठेवला. "दादा, डबा एकच. माझ्यासमोर उघडला, माझ्यासमोर संपला. मग हे दोन रंग आले कुठून?"

आधीच्या कारागिरावर खापर फोडणं सोपं होतं, पण घासकाम नीट झालेलं दिसत होतं. कडा आणि मधला भाग एकसारखे होते, मशीनच्या लाटा कुठे नव्हत्या. म्हणजे गडबड हातात नव्हती, लाकडात होती. मी गुडघ्यावर बसून दोन्हीकडच्या फळ्या जवळून पाहिल्या. ओकच्या पृष्ठभागावर रेषांच्या दिशेने बारीक गडद काड्या दिसतात. दिवाणखान्यात त्या आखूड होत्या, इंचाच्या आतल्या. आतल्या खोलीत त्या लांब होत्या, कित्येक ठिकाणी इंचाहून जास्त. मग उंबऱ्याची पट्टी काढून फळ्यांची टोकं तपासली. दिवाणखान्याकडच्या लाकडाची छिद्रं मोकळी, भिंगातून बघितलं तर आरपार नळ्या असाव्यात अशी. दुसऱ्या बाजूची छिद्रं बुजलेली. खात्रीसाठी मोकळ्या छिद्रांच्या फळीचा एक तुकडा कापून त्याचं एक टोक पाण्यात धरलं आणि दुसऱ्या टोकातून फुंकर मारली. पाण्यात बुडबुडे आले.

ओकच्या या दोन वेगळ्या जाती: दिवाणखाना रेड ओकचा होता, आतली खोली व्हाइट ओकची. कधीतरी खोली वाढवताना मिळेल तो ओक घातला असणार आणि गडद पॉलिशखाली दोन्ही इतकी वर्षं एकरूप होऊन राहिले. व्हाइट ओकची छिद्रं बुजलेली असतात म्हणून तर पिंपं त्याची करतात. रेड ओकचं पिंप गळेल.

आता दोन रंगांचं कारण. स्टेन म्हणजे भिंतीचा रंग नव्हे. तो पातळ असतो, खालचं लाकड त्यातून दिसत राहतं, म्हणून डोळ्याला जे दिसतं ती लाकूड आणि स्टेन यांची बेरीज असते. बाजारातले बरेचसे करडे स्टेन काळ्या आणि पांढऱ्या रंगद्रव्याचे असतात. काळं पातळ पसरलं की निळसर वाटतं. रेड ओक मुळात गुलाबी, त्यावर हे निळसर करडं बसलं की जांभळट. व्हाइट ओक पिवळट-तपकिरी, आणि पिवळ्यावर काळं पडलं की हिरवट. मालकीणबाईंना मी एका कागदावर पिवळा रंग फासून त्यावर काळ्याचा पातळ हात देऊन दाखवला. बघताच त्या म्हणाल्या, "अगं बाई, हीच ती आतली खोली!"

त्यांना हवा होता कोरडा, मातकट तपकिरी रंग. लाल नको, पिवळा नको, हिरवा तर नकोच. त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की लाकडाला ब्लीच केलं की सगळा प्रश्न मिटतो. सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हे दोन द्रव मिळून लाकडाचा मूळ रंग खरोखरच उडवतात. घरातलं साधं ब्लीच ते करत नाही, ते मुख्यतः डायवर, म्हणजे वरून दिलेल्या विरघळणाऱ्या रंगावर, चालतं. पण अख्ख्या घराच्या जमिनीवर इतकं दाहक रसायन ओतायचं, तंतू फुगवायचे, मग पातळ व्हिनेगरने ते शांत करायचं, वाळण्याची वाट बघायची आणि पुन्हा घासायचं, हे मला पटत नाही. शिवाय ब्लीच केलेलं लाकूड फिकट तर होतं, पण निर्जीवही दिसतं. लाकूड आवडतं म्हणून लाकडाची जमीन केली, मग त्याचा जीव का काढायचा? मी नाही म्हणालो.

जमीन पुन्हा घासली. ४० नंबरच्या खरखरीत सँडपेपरने सुरुवात, मग ६०, ८० आणि शेवटी १००. रेड ओकची छिद्रं मोकळी असल्यामुळे करडं रंगद्रव्य खोल गेलेलं होतं. पृष्ठभाग स्वच्छ झाला तरी रेघांमधून काळपट धागे दिसत होते, त्यामुळे तिथे ४० चा आणखी एक हात फिरवावा लागला. शेवटचा नंबर मात्र दोन्ही खोल्यांत तंतोतंत एकच ठेवला, कारण जास्त गुळगुळीत लाकूड स्टेन कमी पितं आणि मग नवीनच फरक तयार होतो. खिडकीखाली कुंडीच्या जागी एक काळा गोल डाग निघाला. लोखंड आणि ओकमधलं टॅनिन, म्हणजे लाकडातलं नैसर्गिक तुरट द्रव्य, पाण्यात भेटलं की असा डाग पडतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं. काळं हळूहळू करडं झालं आणि मग गेलं. ती जागा पुन्हा पुन्हा धुऊन घेतली, कारण या ॲसिडची वाळलेली पूड घासताना नाकातोंडात गेली तर फार त्रास होतो.

मग टर्पेंटाइनची चिंधी दोन्ही जमिनींवर फिरवली. ओलं असेपर्यंत लाकूड जसं दिसतं, साधारण तसंच ते पारदर्शक पॉलिशखाली दिसणार असतं. दिवाणखाना लगेच गुलाबी झाला, आतली खोली मधाळ. आता कुठली झाक मारायची ते समोर होतं.

लालाला मारतं हिरवं, पिवळ्याला जांभळं, नारिंगीला निळं. हे रंगचक्र कुणीही सांगेल. पण जमिनीवर ते सरळ वापरलं तर चिखल होतो. हिरवं जास्त झालं की लाल मरतं आणि त्याबरोबर लाकडाची उबही मरते. माझा भरवसा रॉ अंबरवर आहे. हा तपकिरी रंग मुळातच हिरवटाकडे झुकतो, त्यामुळे तपकिरी देता देता लाल दाबतो. त्याचाच भाजलेला भाऊ बर्न्ट अंबर लालसर असतो. दिवाणखान्यासाठी रॉ अंबरचा स्टेन आणि त्यात हिरव्याचा अगदी पुसट अंश घेतला. आतल्या खोलीसाठी काळं पूर्ण काढून टाकलं, रॉ अंबर कमी केलं आणि बर्न्ट अंबरची किंचित भर घातली. लालसर तपकिरी हिरवटपणा खाऊन टाकतं. प्रमाण थेंबांनी नाही, वजनकाट्यावर मोजून लिहून ठेवलं. थेंब लहानमोठे पडतात आणि दुसऱ्या डब्यात तोच रंग पुन्हा जमत नाही.

नमुने जमिनीवरच केले आणि त्यांच्यावर पॉलिशचा हातही दिला. नुसता स्टेन बघून होकार घेऊ नये, खरा रंग पॉलिशनंतरच कळतो. दिवसा सगळे नमुने ठीक वाटले. संध्याकाळी पिवळसर दिवे लागले आणि दिवाणखान्यातला एक नमुना परत गुलाबी दिसू लागला. दिवे २७०० केल्विनचे होते, त्या उजेडात लाल-पिवळं उचलून दिसतं. कुठल्या उजेडात ठरवायचं, असं मालकीणबाईंनी विचारलं. मी म्हणालो, "ज्या उजेडात तुम्ही इथे बसता त्या." त्या दिवसभर बाहेर असत. मग दिव्याखालीच ठरवलं, प्रत्येक नमुन्याशेजारी पांढरा कागद ठेवून, म्हणजे डोळ्याला आधार राहतो.

दोन्ही खोल्या हुबेहूब एक करण्याचा हट्ट मी धरला नाही. रेषा वेगळ्या, छिद्रं वेगळी, त्या कशा एक होतील? दोन रंग खेटून आले की फरक दुप्पट वाटतो, म्हणून दाराशी आडवी, थोडी गडद ओकची पट्टी घातली. नजर तिथे क्षणभर थांबते आणि पुढे गेल्यावर तुलना करत नाही.

वरचं पॉलिश पाण्यावर चालणाऱ्या पीयूचं. तेलावरचं पीयू मजबूत असतं, मला ते आवडतंही, पण ते मुळातच पिवळसर असतं आणि वर्षं जातात तसं आणखी पिवळं पडतं. मग ही सगळी मोजमापं पाण्यात गेली असती. स्टेन पूर्ण वाळू दिला, त्यावर सीलर, म्हणजे लाकूड बंद करणारा अस्तराचा हात, दिला. उघड्या ओकवर पाण्याचं पॉलिश थेट गेलं तर टॅनिन वर ओढलं जातं आणि पिवळे-तपकिरी ओघळ उमटतात. पहिला हात ओला असताना दुधाळ दिसला तेव्हा मालकीणबाई घाबरल्या. वाळल्यावर तो स्वच्छ झाला.

निघताना त्यांनी गालिचा कधी टाकायचा ते विचारलं. पॉलिश पूर्ण पिकेपर्यंत थांबा, आणि नंतरही सुरुवातीचे काही महिने तो अधूनमधून हलवत राहा, असं सांगितलं. उजेडाने ओकचा रंग बदलतो आणि झाकलेला भाग तसाच राहतो. दोन्ही स्टेनची वजनं लिहिलेला कागद त्यांच्याकडे दिला. पुढे एखादी फळी बदलावी लागली, तर जो कुणी येईल त्याच्या हातात तो असावा.